दशांशानंतरचा तिसरा अंक

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्याची मुलगी संगीता बोलत होती. "काका, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." अर्धी दाढी तशीच ठेवून मी खुर्चीत बसलो. वाईट वाटलंच, पण त्याच्या मागोमाग एक विचार आला, त्याची मला अजून लाज वाटते. वाटलं, आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

भास्कर गांगुर्डे आणि मी सत्तरच्या दशकात एकाच आठवड्यात सातपूरच्या एका कारखान्यात लागलो. तिथे पोलादी पिना घासून तयार होत आणि त्या तपासणं आमच्या विभागाचं काम. तो येवल्याकडचा, घरातला पहिला डिप्लोमावाला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या उपनगर भागातून सायकलवर यायचा, तरी माझ्याआधी टेबलाशी हजर. मशीनवरून आलेली पीन तो लगेच मोजत नसे. कापडावर ठेवून द्यायचा. मी घाई केली की म्हणायचा, "हाताची ऊब उतरू दे रे सुधाकर. गरम लोखंड खरं बोलत नाही." मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी आमचा व्यवहार होता आणि तो भाग भास्करइतका मनावर घेणारा माणूस मी पाहिला नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा विभागात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेचं यंत्र आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. त्यातलं रकान्यांचं सॉफ्टवेअर भास्कर पुस्तक वाचून शिकला. तपासनीस चिठ्ठ्यांवर मापं लिहीत, टायपिस्ट बाई ती शीटमध्ये भरीत आणि छापील कागद बघून आम्ही माल सोडत असू. फक्त दशांशानंतर तीन अंक आले की रकाने रुंद होत आणि शेवटचे दोन रकाने दुसऱ्या कागदावर जात. कागद चिकटवत बसायचा मला कंटाळा होता. एका दुपारी मी त्याला म्हणालो, "दोनच अंक दाखव ना. सगळं एका पानात बसेल."

तो म्हणाला, "तिसरा अंक लागतो आपल्याला."

"आत असतोच ना तो? नुसता दिसणार नाही."

हे खरं होतं. त्यानं ती सोय लावली; नवीन शीट उघडली की आकडे आपोआप दोन अंकांतच दिसायचे. कागद सुटसुटीत झाला. चार दिवसांत आम्ही ते विसरूनही गेलो.

पुढे काही महिन्यांनी एक मोठी खेप परत आली. पिना मापापेक्षा बारीक निघाल्या होत्या. आमचे छापील कागद मात्र निर्दोष. पिनेला १९.९९० च्या खाली जायची परवानगी नव्हती आणि कागदावर ओळीनं १९.९९ छापलेलं. कारखान्याच्या साहेबांनी अर्थ लावला तो असा, की बाद झालेला माल तपासणीनंतर कोणीतरी चांगल्यात मिसळला. ग्राइंडिंग मशीनवर होता नामपूरचा देवराम पवार. त्याला नोटीस मिळाली. तो आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, हातात कागद, आवाज अजिबात चढलेला नाही. "साहेब, मी तवाच सांगेल व्हतं, माप उतरी राहिनं शे. तुम्ही कागद पाहीन बोलनात, चालू दे."

माप उतरतंय असं तो म्हणाला होता खरं. कागद बघून 'चालू दे' म्हणणारा मी होतो.

भास्कर उठला. मी त्याच्यामागून त्या थंड खोलीत गेलो. त्यानं त्या खेपेची फ्लॉपी घातली, शीट उघडली आणि कर्सर एका आकड्यावर नेला. रकान्यात १९.९९ होतं. पडद्याच्या वरच्या ओळीत मात्र भरलेला पुरता आकडा दिसला... १९.९८७. खालच्यावर गेला, १९.९८६. मग पुन्हा १९.९८७. यंत्रानं काही लपवलं नव्हतं. आम्ही सांगितलं तसं ते आकडा दोन अंकांपर्यंत वर ओढून दाखवत होतं. भास्करचं बोट बाणाच्या कळीवर चालत राहिलं आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"चल," तो म्हणाला.

साहेबांनी सगळं ऐकलं, नोटीस फाडली आणि विचारलं, "दोन अंकांचा निर्णय कोणाचा?"

"माझा," भास्कर म्हणाला.

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मीच लावलं."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. मी उघडलं नाही.

त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा भरायची होती. ती भास्करची, असं सगळे धरून चालले होते. ती मला मिळाली. त्यानंतर त्यानं तीन अंकांची एक कोरी शीट करून ठेवली आणि प्रत्येक नव्या माणसाला स्वतः बसवून वरची ओळ वाचायला शिकवली. डबा आम्ही एकत्रच खात राहिलो. फार वर्षांनी एकदा मी म्हणालो, "भास्कर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं..." त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "दोन अंक तू सुचवलेस हे खरं. पण कळ मी दाबली. तिसरा अंक कशाला असतो हे तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं." मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या दिवशी त्याच्या घरी बुद्धवंदना झाली. मागच्या रांगेत पवार बसला होता, पार थकलेला. भास्कर दरवर्षी नामपूरला त्याच्याकडे जात असे, हे मला तिथे कळलं. मी त्याला गच्चीत नेलं आणि सगळं सांगितलं. त्यानं कठडा धरला.

"त्यासनी तुमनं नाव कधीच नै सांगं," एवढंच तो म्हणाला. माफ केलं म्हणाला नाही, रागावलाही नाही. जिना उतरताना मात्र त्यानं माझा हात धरला... म्हातारपणी तोल जातो म्हणून असेल.

निघताना वहिनींनी भास्करची खोली दाखवली. टेबलावर त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर होता, लाकडी पेटीत, तेलाचं बोट फिरवलेला. दोन्ही टोकं एकमेकांवर आवळून ठेवली तर उबेनं फुगून त्यांच्यावर ताण येतो, म्हणून तो ती कधी पुरती मिटवत नसे. आताही त्यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. मी पेटी तशीच बंद केली.