रिझर्व्ह नसलेलं जहाज

कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन खेळातसुद्धा हुकूम सोडणारे एकीकडे आणि ओढणारे दुसरीकडे असतात. आमच्या गटाचा नेता पुण्यात. गटाचं अवजड अंतराळस्थानक जहाजाला बांधून ओढायचं काम मात्र सेलूत बसलेल्या आम्हा दोघांवर, माझ्यावर आणि माझ्या मामेभावावर आलं.

शत्रूचा ताफा निघाला होता. स्टेशन शेजारच्या सुरक्षित ताऱ्यापर्यंत नेलं नाही, तर ते गेलंच. आणि त्याच्या गोदामात नवख्या पोरांनी कित्येक महिने खणून जमवलेलं खनिज होतं. नेत्याच्या मालकीच्या स्टेशनवर फक्त तोफा होत्या.

इंधनाचा हिशेब मामेभावानं केला. "टाकी फुल हाय. आरामात पोचते."

निम्म्या वाटेवर आलो आणि इंधनाचा काटा धडाधड खाली यायला लागला.

"ॲव्हरेज कायचं धरलं बे?"

"रिकाम्या जहाजाचं."

"अन् मांगं एवढं धूड बांधलं त्याचं?"

"मले वाटलं, कमी पडलं त रिझर्व्हवर घेईन."

रिझर्व्ह! गाडी खडखडली की कॉक फिरवायचा आणि पुढचा पंप गाठायचा, ही आमची जन्माची सवय. अंतराळात ना कॉक, ना पंप. दुसऱ्या जहाजानं इंधन आणून द्यावं, तर तेवढा वेळ कुठं होता?

"पहिले काऊन नाई सांगितलं?"

"तू तरी कुठं इचारलं? नुसता भाषण देऊन राह्यला सकाळपासून!"

तेवढ्यात हेडफोनमधून नेत्याचा थंड आवाज आला. "वजन कमी करा. गोदाम सोडून द्या. नवीन मुलं परत जमवतील."

हे वाक्य मी सभांमधून, कचेऱ्यांमधून फार ऐकलंय. नुकसान खालच्याचं असलं की म्हणे, तो परत जमवेल! वरच्याला कधी कोणी जमवायला लावत नाही. माझं डोकं फिरलं.

"तोफांचं वजन पाह्य," मी मामेभावाला म्हटलं.

त्यानं पाहिलं. "गोदामापेक्षा जास्त हाय."

"मंग तोफाच सोडून दे."

"नेता गटातून काढून टाकन आपल्याले."

"टाकू दे."

"तोफांना हात लावायचा नाही," नेता म्हणाला. "हा आदेश आहे."

मामेभावानं माऊस तोफा सोडायच्या बटणावर नेला. शत्रूचे लाल ठिपके नकाशावर जवळ येत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि बटण दाबलं. तोफा स्टेशनपासून सुटल्या, अंधारात मागं राहिल्या.

आता पल्ला पुरत होता, पण जेमतेम. काटा तळाला टेकता टेकता स्टेशन ताऱ्याच्या हद्दीत शिरलं.

लगेच एका नवख्या पोराचा मेसेज आला : "दादा, माझं खनिज आहे का?"

मामेभावानं लिहिलं, "आहे. सगळ्यांचं आहे."

उत्तर गेलं, आणि त्याच मिनिटाला आम्हा दोघांना गटातून काढल्याची पाटी पडद्यावर आली.