तुरटी फिरवलेली पोर्ट

साहेबानं ती बाटली मला दिली तेव्हा वडील शेजारीच उभे होते. त्या हंगामाचा आमचा सगळा कापूस त्याच्या पेढीनं घेतला होता आणि भाव ठरताना दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगायला मी मध्ये होतो. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. त्याच जोरावर मी मुंबईच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी हातात धरलेली नव्हती.

"ही पोर्ट आहे," साहेब म्हणाला. "सगळी द्राक्षं एकाच सालची. जवळजवळ तुझ्याच वयाची असेल." मग त्यानं ती कशी प्यायची ते सांगितलं. आदला सारा दिवस बाटली उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच हलक्या हातानं काढायचं. दुसऱ्या भांड्यात सावकाश ओतायची आणि गाळ मानेशी आला की थांबायचं. पेले लहान हवेत. आधी वास घ्यायचा.

वाटेत वडील एवढंच म्हणाले, "दारू हाय ना? मायले नोको सांगू."

मी आईला औषध म्हणून सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. मुंबईत डॉक्टर अशक्त माणसाला पोर्ट देत असत.

पण ती बाटली हाती आल्यापासून माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कॉलेजात माझा एक मित्र होता, अकोल्याच्या एका ब्राह्मण वकिलाचा मुलगा. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एका दिव्याखाली वाचलं. तरी मी त्याच्या खाणावळीत पाऊल टाकलं नव्हतं आणि त्यानं माझ्या खोलीतलं पाणी घेतलं नव्हतं. सोड्याची बाटली मात्र तो माझ्याकडे प्यायचा. "सीलबंद आहे, त्याला काय होतंय!" असं म्हणायचा. एकदा मीच त्याच्या पेल्यात सोडा ओतला, तर हसून म्हणाला, "तुझ्या हातचं चालतं रे मला. तू आता आमच्यातलाच." त्या रात्री आनंदानं मला झोप लागली नाही. हे लिहिताना आता कसंतरीच वाटतं, पण तेव्हा तसं झालं खरं.

त्यानं आमच्या घरी यावं, आमच्या घरात बसून काहीतरी तोंडात घालावं, ही माझी फार इच्छा होती. जेवायला बोलावणं शक्यच नव्हतं. पोर्ट मात्र बुचाची होती, लाख लावलेली होती, समुद्रापलीकडून आलेली होती. मी त्याला उन्हाळ्याच्या सुटीत निरोप धाडला आणि तो येतो म्हणाला.

तिसरा माझा अमरावतीचा शाळासोबती, मुसलमान घरातला. कापसाच्या गठाणी बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत नेणाऱ्या गाड्या त्यांच्या घरच्या. तो पिणारा नव्हता. "मैं सिर्फ तमाशा देखूंगा," तो म्हणाला, आणि पाहुण्याला स्टेशनावरून आपल्या बैलांच्या दमणीतून आणायचं त्यानं कबूल केलं.

मी बाजारातून चिनी मातीची कोरी बरणी आणली आणि पारशाच्या दुकानातून दोन लहान काचेचे पेले. स्वतः आंघोळ करून ती भांडी धुतली. कशानं धुतली ते मित्रानं विचारलं तर काय सांगावं, याचाही विचार करून ठेवला. आईला म्हटलं, "या बरणीले कोणी हात लावू नोको बरं."

"कावून रे? देवाचं तीर्थ हाय का त्यात?"

"पाव्हण्याले द्याचं औषध आहे. बिघडते."

ठरल्या दिवशी सकाळी बूच काढायला बसलो. साहेबाकडे त्यासाठी पिळाचं हत्यार होतं, माझ्याकडे चाकू. बूच मधोमध तुटलं. उरलेलं आत ढकललं तसं त्याचा भुगा झाला. मी घाबरून बाटली हलवली, उलटी केली, धोतराच्या धुतलेल्या फडक्यातून सगळी गाळली. भुगा फडक्यावर राहिला, पण इतक्या वर्षांचा बसलेला गाळ पार ढवळला गेला. बरणीत पाहिलं तर पहिल्या पुरात नदीला येतं तसं गढूळ लाल पाणी. बसेल आपोआप, असं स्वतःला समजावलं, वर ताटली झाकली आणि मित्राला आणायला वेशीपर्यंत गेलो.

ज्या खोलीत आम्ही बसलो ती एरवी कापूस साठवायची. माल गेल्यामुळे रिकामी होती. भिंतींना अजून रुईचे तंतू चिकटलेले होते. मी नवी सतरंजी घातली होती. मित्र आला, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाला, "बरं केलंस लेका, घरापासून बाजूची जागा आहे." मला ते कौतुक वाटलं.

बरणी उघडली आणि मी चकित झालो. पोर्ट निवळशंख झाली होती. गाळ सगळा तळाला, वर माणकासारखा रंग. साहेबानं सांगितलं ते बरोबरच होतं तर! मी सावकाश पेले भरले. आम्ही दोघांनी वास घेतला, मग घोट घेतला.

जीभ आवळून आली. गाल आत ओढले गेले. मित्राचे डोळे बारीक झाले. मला वाटलं, तो माझ्या बोलण्याची वाट पाहतोय.

"जुन्या पोर्टला असा तुरटपणा असतो," मी म्हणालो.

"असतोच," तो म्हणाला. "त्यावरूनच जुनेपणा ओळखतात. मागाहून थोडं जांभूळ लागतं, नाही?"

"जांभूळ आणि लवंग."

"लवंग. बरोबर."

तिसरा भिंतीला टेकून आमच्याकडे पाहत होता. "अरे भाऊ," तो म्हणाला, "बाभळीच्या शेंगा चघळून राहिले तुमी दोघं. थूकना हो तो थूक दो, कोई नहीं देखता!"

आम्ही हसलो. मित्रानं पेला पुन्हा तोंडाला लावला. दुपारचं ऊन दारातून सतरंजीपर्यंत आलं होतं आणि मला वाटत होतं की झालं, जमलं, माझ्या घरात बसून हा पितो आहे.

तेवढ्यात आई दारात आली. पदर नीट करून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पाहुण्याला दारातून तरी पाहावं म्हणूनच आली असणार.

"बरं निवळलं ना रे औषध?" ती मला म्हणाली. "सकाळी पायलं त निस्ता गाळ. पाव्हण्याले असं कसं द्यावं? म्या तुरटी फिरवली दोनदा."

उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आमच्याकडे रोज हंड्यात तुरटी फिरवतात. गढूळ दिसलं की हात तुरटीकडे जातोच. मी वेशीकडे गेलो तेव्हा तिनं झाकण उघडून पाहिलं असेल. माझी लाज राखायलाच तिनं ते केलं होतं.

मित्रानं पेला खाली ठेवला. आईकडे न बघता त्यानं मला विचारलं, "तुरटी कोरडी होती?"

कोरड्याला विटाळ नाही, पाण्याला आहे, हा हिशेब मला ठाऊक होता. मी आईकडे पाहिलं.

"कोरडी कशी फिरवता येईन बाबा," आईच त्याला म्हणाली. "ओली केली ना, आपल्या हंड्यात बुडवून."

आईची नजर त्याच्यावरून पेल्यावर आली, पेल्यावरून बरणीवर आणि मग माझ्यावर. हात लावू नको असं मी का म्हणालो होतो ते तिला कळलं, हे मला दिसलं. ती रागावली नाही. फक्त उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरकली. तिच्याच घरात.

"हीच ती बरणी का?" मित्रानं हळूच विचारलं. नाही म्हण, असं त्याचा आवाज मला सांगत होता. नाही म्हटलं असतं तर त्याला पुरलं असतं. आईनंही तोंड उघडलं नसतं.

"हीच," मी म्हणालो. एवढं एक मी नीट बोललो.

तो उठला. त्याला चूळ भरायची होती, ते त्याच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. आमची विहीर अंगणातच होती. तो तिच्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "गावात ओळखीचं एक घर आहे. तिथं जातो." आमच्या तिसऱ्या सोबत्यानं दमणी जोडतो म्हटलं, पण तो थांबायला तयार नव्हता. मी त्याच्याबरोबर चालू लागलो.

ऊन अजून कडक होतं. तुरटीनं माझाही घसा सुकला होता. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "तुझ्यावर राग नाही माझा." मी म्हणालो, "माफ कर. आईला कळत नाही." हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते परत घ्यायची सोय नव्हती. तो म्हणाला, "तिचा काय दोष! बायकांना कुठं ठाऊक असतं?" मी मान हलवली. त्याच्या ओळखीच्या घराशी पोहोचलो तेव्हा तो आत गेला, आणि मी बाहेर उन्हात उभा राहिलो. आतून रहाटाचा आवाज आला. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि बोलावतील असं मलाही वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा सोबती बैल सोडून आईजवळ ओसरीवर बसला होता. मला पाहून तो उठला, "चलता हूं, माय," म्हणाला आणि माझ्या खांद्याला हात लावून गेला.

आईनं तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला. मी प्यालो. ती माझ्याकडे न बघता सुपातली तूर निवडत होती.

"भेटलं का त्याले पानी?" तिनं विचारलं.

"भेटलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "उन्हाचं आलं होतं लेकरू. तुरटीनं घसा लय सुकते."