होल्डवरचा माणूस

गोळ्यांच्या व्यसनावर उपचार घेणारा माणूस ई-सिगारेट म्हणतात त्या विजेच्या नळीतून वाफ ओढू लागला, तर तो सुटला असे समजावे की पुन्हा अडकला, या प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. मी भारतीय शाळेत मराठी शिकवणारा शिक्षक. वैद्यकातले मला काही कळत नाही. परंतु मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांमुळे हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि कोणतीही वस्तू तपासल्यावाचून घरात घेऊ नये असे मनापासून मानणारा त्यांच्यासारखा दुसरा प्राणी पृथ्वीवर नसावा.

ते गुहागरकडचे. रुसैलच्या एका कारखान्यात बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी करणे हे त्यांचे काम. तिथली पद्धत त्यांनी मला पहिल्याच भेटीत, फळ्यावर शिकवावी तशी समजावून दिली होती. माल चांगला असेल तर हिरवी चिठ्ठी, टाकाऊ असेल तर लाल, आणि निर्णय व्हायचा असेल तर पिवळी. पिवळी लागली की माल ‘होल्ड’वर गेला. असा माल जाळीच्या कुलूपबंद खोलीत, तपासनिसाखेरीज कोणाच्याही नजरेस पडणार नाही असा ठेवायचा. हे शेवटचे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला. या चिठ्ठ्यांची भेंडोळी ते घरीही वापरत. सीबच्या बाजारातून आणलेली सुरमई कल्ले उघडून पाहीपर्यंत पिवळी असे. दाराची नवी घंटा अकरा दिवस होल्डवर होती, त्यामुळे पाहुण्यांना दार ठोठावावे लागे. माझ्या पत्नीने पाठवलेल्या पुरणपोळ्यांचा डबा हिरवी चिठ्ठी लावून परत आला. बेसनाच्या लाडवांचा मात्र पिवळी लावून आला, आणि सोबत निरोप होता की नमुना अपुरा आहे, आणखी सहा पाठवावेत.

अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घेतली. कारखान्यात एक खोके उचलताना त्यांची कंबर लचकली, तेव्हा बरोबरच्या कोणीतरी दुखण्यावरच्या गोळ्यांची एक पट्टी हातावर ठेवली. कंबर महिन्याभरात बरी झाली, गोळ्या दोन वर्षे राहिल्या. “जिंदगीत एकच माल मी चिठ्ठीशिवाय आत घेतला, सर,” असे ते मला एकदा जिन्यात म्हणाले. नंतर एका खासगी दवाखान्यात त्यांचे उपचार सुरू झाले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नीने, ज्यांना मी भाभी म्हणत असे, मुलीचा शाळेचा दाखला काढण्याचा अर्ज माझ्याकडून नीट लिहून घेतला, त्यावर सही केली, तारीख मात्र घातली नाही. तो माझ्याच कपाटात ठेवायला देऊन त्या म्हणाल्या, “परत झालं तर मी पोरीला घेऊन गावी जाणार, सर. मग मला समजवायला येऊ नका.” कपाट उघडले की तो कागद दिसे, आणि मी पुस्तक न घेताच कपाट लावून टाकी.

उपचारात गाडी चालवायची नव्हती, म्हणून दर शनिवारी दवाखान्यातल्या, उपचार घेणाऱ्यांच्या बैठकीला मी त्यांना नेत असे. परतताना ते बैठकीचा वृत्तान्त देत. नाव कोणाचेही घेत नसत. एकदा तिथे वाफेच्या नळीवरून वाद झाला. एका बसचालकाचे म्हणणे होते की हाताला चाळा लागतो आणि गोळीची आठवण तेवढी टळते. एका तरुण इंजिनियरने नळी घेतल्यापासून सिगारेट बंद केली होती, सकाळचा खोकला गेला होता, आणि याला जो वाईट म्हणेल त्याच्याशी तो भांडायला तयार होता. एका वयस्कर ओमानी गृहस्थांचे मत होते की एका दारातून घालवलेला पाहुणा टोपी बदलून दुसऱ्या दारात उभा आहे. चौथ्याची भीती निराळीच होती. त्या देशात अशा नळ्या विकायला बंदी होती. जो माणूस त्या चोरून विकतो त्याच्याच खिशात गोळ्याही असतात, मग नळीसाठी तरी त्याच्यापुढे का उभे राहायचे, असे तो विचारत होता. “आणि तुमचं मत काय?” मी विचारले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “पिवळी.”

यानंतर दोन आठवड्यांनी, एका दुपारी, भाभी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि रिकाम्या हातांनी खाली आल्या. पाण्याच्या टाकीमागे नवरा एका लहान बाटलीतून कसल्याशा नळीत थेंब सोडत बसलेला त्यांनी पाहिला होता. त्या रडल्या नाहीत. माझ्या दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “सर, तो कागद द्या.” मी त्यांना पाच मिनिटे थांबायला सांगून वर गेलो. टाकीमागे आंब्याच्या गोळीसारखा वास सुटला होता, आणि बाटलीवर व नळीवर एकेक पिवळी चिठ्ठी व्यवस्थित चिकटवलेली होती.

“हे इथे लपून कशाला, भाई?”

“लपून नाय, सर. होल्डचा माल आहे. होल्डचा माल कोणाला दाखवतात काय?”

मी सांगितले की भाभींनी याचा अर्थ निराळा घेतला आहे आणि त्या खाली अर्ज मागत आहेत. त्यांनी बाटलीचे झाकण लावले, पण ते दोनदा लावावे लागले. नळी त्या इंजिनियरने आपली जुनी दिली होती, विकणाऱ्याकडे ते गेले नव्हते. हे सगळे त्यांनी क्रमाने सांगितले, आणि मग कोणीही विश्वास का ठेवावा, असेही स्वतःच विचारले. शेवटी खिशातून चिठ्ठ्यांचे भेंडोळे काढून एक पिवळी त्यांनी आपल्याच शर्टावर लावली. “मलाच तपासा,” ते म्हणाले. “यल्ला, चला.”

भाभींनी ती चिठ्ठी पाहिली. “ठीक आहे. शनिवारपर्यंत होल्डवर,” त्या म्हणाल्या, आणि पुढले तीन दिवस त्यांनी नवऱ्याचे ताट बाल्कनीत मांडले, कारण होल्डचा माल वेगळा ठेवायचा असतो. शर्ट बदलला तरी चिठ्ठी बदलली नाही. शनिवारी दवाखान्यात ते चिठ्ठीसकट गेले. लघवीची तपासणी झाली, भाभी त्यांच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, आणि मी बाहेर वह्या तपासत बसलो. एकच वाक्य तीनदा तपासले. भाभी आधी बाहेर आल्या. “काही नाही निघालं, सर,” असे म्हणून त्या माझ्याशेजारी बसल्या आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायल्या. नळीला डॉक्टरांनी निर्धोक म्हटले नव्हते, शाबासकीही दिली नव्हती. आधी गोळी दूर राहू दे, नळीचे नंतर एकेक पाऊल पाहू, पण लपवायचे काही नाही, असे ते म्हणाले होते. नवरा बाहेर येताच भाभींनी त्याच्या शर्टावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. “ही खलास. त्या नळीवरची राहू दे.”

अर्ज मी त्याच संध्याकाळी परत दिला. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी त्यांच्या मुलीला शुद्धलेखन घातले. ‘सुटका’ या शब्दात तिने ‘सू’ दीर्घ काढला. माझ्या नोकरीच्या काळात मी खूण न केलेली ती एकमेव चूक आहे.

दोन वर्षांनी ते कुटुंब कायमचे गावी गेले, तिघेही एकत्र. तोवर नळी बरीच मागे पडली होती, तरी तिच्यावरची चिठ्ठी पिवळीच होती. विमानतळावर मिठी मारताना त्यांनी माझ्या खिशावर काहीतरी चिकटवले. हिरवीच असणार, या समजुतीने मी घरी येईपर्यंत पाहिले नाही. ती पिवळी निघाली. मी फोनवर तक्रार केली, तेव्हा ते हसले. “हिरवी लावली की माल आत जातो, सर. मग त्याच्याकडे कोण बघतो? पिवळ्याकडे रोज बघावं लागतं.”

ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटाच्या दाराला आहे. आताशा तिचा गोंद सुटत चालला आहे. माझ्या प्रश्नाला मिळालेले उत्तर एवढेच, आणि ते एका माणसाचे आहे. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर माझ्यावर विसंबू नका. त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना विचारा, आणि स्वतः तपासून पाहा.