उशिरा दिलेली नोटीस

ओल्या सिमेंटचा वास आला की पर्वत पाटियाचं आमचं घर आठवतं. थोरल्या भावाचं लग्न ठरल्यावर वडिलांनी वर एक खोली बांधायला काढली होती. काम सुरू होण्याआधी पालिकेला नोटीस द्यायची होती, पण आमच्या गावाकडचाच ठेकेदार रोज म्हणायचा, "व्हई जाई, दादा." त्यानं ती दिली तेव्हा चारही भिंती उभ्या राहिल्या होत्या. पालिकेच्या साहेबांनी येऊन कामच थांबवलं. "उशीर यानं केला, त्याला मी काय करू?" वडील वैतागून म्हणाले. साहेबांनी गुजरातीत एवढंच विचारलं, "मकान कोना नामे छे?" वडिलांना स्वतःचंच नाव सांगावं लागलं. लग्नापर्यंत खोलीवर छप्पर चढलं नाही आणि नवी वहिनी लग्नानंतर दोन महिने माहेरीच राहिली. ठेकेदार मात्र लग्नात पोटभर जेवला. वडिलांनीच त्याला आग्रहानं जिलबी वाढली, याचा मला आजही राग येतो.