कापडवाल्याचं डूम मेटल

जुन्या जालन्यात आमच्या शेजारी एक कापडवाला राहायचा. दुपारी दुकानातून जेवायला घरी आला की टेपवर डूम मेटल, म्हणजे मरणाची संथ विलायती गाणी, लावायचा. गिटारीच्या तारा ढिल्या, ड्रम थकलेले, गाणारा तर मयताला आल्यासारखा. सेल उतरले का, असं विचारलं की चिडायचा.

"विलायतेत लोखंडी कारखान्यांच्या गावात जन्मलंय हे. आपलं जालनाबी लोखंडाचंच!"

आयुष्यभर साड्यांच्या घड्या घातल्या. भट्टीची धग दुरूनसुद्धा लागली नव्हती. वर "मरणाशी दोस्ती हाय आपली," म्हणायचा.

मंग त्याचा बाप वारला. सुतक फिटलं आणि टेप पुन्हा सुरू झाला, तर आत वरातीची नाचाची गाणी.

"तुमचं डूम कुठं गेलं?"

"ते नको. भ्या वाटून राह्यलं."