हात लागला, काका

फिटरकाकांसमोर बुद्धिबळाला बसलं की धडकी भरायची ती त्यांच्या चालींची नव्हे, बोटाची. आपण वजीर उचलून परत ठेवायला गेलो की ते बोट पटावर टक्कन आपटायचं. "हात लागला ना गा? मंग खेळ." समोर वकील असो की क्लबचे अध्यक्ष. चुकून धक्का लागला तर नियमात सूट आहे, पण काकांना ती मंजूर नव्हती. "चुकून लागला, असं सबच म्हणते," एवढंच म्हणायचे.

हिंगण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून थेट नागपुरातल्या आमच्या क्लबात यायचे. निवृत्तीनंतरही वेळ तीच, साडेपाच. जिंकले तरी चेहरा ढिम्म. हरवणाऱ्याचा हात मात्र घट्ट धरून "बढिया!" म्हणायचे. तो शब्द ऐकायला मला सहा वर्षं लागली.

पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. घोडा उचलताना शेजारचा उंट हलायचा. आमचं काही ठरलं नव्हतं, पण तेवढ्यापुरते सगळेच पंख्याकडे पाहायचो. वर वाटायचं, आपण केवढे मोठ्या मनाचे!

एकदा माझ्याशी खेळताना त्यांचं बोट वजिराला लागलं. तो हलवला तर डाव गेलाच. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"हात लागला ना?"

"नाही, काका."

"खोटं काहून बोलून राहिला? मी काय लहान पोट्टा आहो?"

त्यांनी वजीरच खेळला, हरले आणि हात न मिळवता उठून गेले. त्यानंतर क्लबात आलेच नाहीत. चूक माझीच होती, हे कळायलाही मला वेळ लागला.

महिनाभर टाळाटाळ करून शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. "बरं झालं गा, आला. दिवसभर एकटेच पट मांडून बसून राह्यते."

काकांनी समोरची खुर्ची दाखवली. "हात लागला तर सांगशीन?"

"सांगीन."

डाव चांगला रंगला होता, काकांचं पारडं जड होतं. तेवढ्यात घोड्याकडे जाणारा त्यांचा हात हत्तीला घासला. हत्ती हलला की राजा उघडा पडणार होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका पटाकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

"हात लागला, काका."

त्यांनी मुकाट्यानं हत्ती खेळला. चार चालींत हरले. मग थरथरता हात पुढे करून माझा घट्ट धरला. "बढिया! आता काकूले चहा सांग."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते क्लबात हजर होते. त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. त्या वर्षात ते जवळजवळ रोज हरले, पण खाडा एकही केला नाही.