मिश्रीच्या डबीतला गूळ

सुमनचा फोन आला तेव्हा मी अंगणात जास्वंदीची फुलं तोडत होते. "मावशी, आई गेली… झोपेतच गेली," ती म्हणाली. यावर माणूस काय विचारतं? कधी गेली, जवळ कोण होतं, त्रास झाला का. माझ्या तोंडून मात्र निघालं, "रात्री जेवली होती का?" शेजारी उभी असलेली माझी सून माझ्याकडे बघतच राहिली. म्हातारीला धक्का बसला, काहीतरी बरळतेय, असंच तिला वाटलं असणार. सुमनला काही नवल वाटलं नाही. "व्हय मावशी. दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, वर गुळाचा खडा बी खाल्ला," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी रडलो. भाद्रपदातली ही गोष्ट. आता घट बसले आहेत, आणि आक्काविना आलेलं हे पहिलं नवरात्र मला काही धड बसू देत नाही.

आक्का माझी थोरली बहीण, मोठ्यांची कौसा. आमचं गाव मिरजगावपासून आत, कोरडवाहू जमिनीचं. ती उंचीला वडिलांवर गेलेली, चालायला लागली की मला मागून पळावं लागायचं, आणि बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायची सवड नाही. मी पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले तेव्हा गावभर सांगत सुटली, "हिला वर्गात कोन ऐकनार? घरात मांजर ऐकत न्हाई हिचं." अशी चेष्टेखोर बाई घट बसायच्या आधी आठ दिवस गप्प होत जायची. लहानपणी मला वाटायचं, देवीची भक्ती असेल. ती भक्ती नव्हती, भीती होती. ते मला फार उशिरा कळलं.

त्याचं मूळ आमच्या आईच्या मरणात होतं. आमच्या घराण्यात नवरात्राचा उपवास भलताच कडक. भगर, साबुदाणा, शेंगदाणे हे लाड इतरांच्या घरी. आमच्याकडच्या बायका घट बसल्यापासून उठेपर्यंत पाणी पिणार आणि दाढेखाली लवंग धरणार, बस्स. माझी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, तिला या उपवासानं काही व्हायचं नाही, उलट तिच्या तोंडावर तेज चढायचं. आईला मात्र दर नवरात्रात पोटदुखी धरायची. त्या वर्षी सातव्या माळेला ती पोट आवळून जमिनीवर लोळायला लागली, उलट्या थांबेनात. मी फार लहान होते, मला तिचा फक्त आवाज आठवतो… तो मात्र अजून आठवतो. आत्या तेव्हा माहेरी आलेली होती. आईला पाणी पाजताना तिला गालात काहीतरी दिसलं, तिनं बोट घालून बाहेर काढलं, तर गुळाचा खडा! घटात देवी बसलेली आणि तोंडात गूळ. दिवस मावळायच्या आत आई गेली. गुळानं घात केला, देवी कोपली, असं घरात ठरलं आणि गावानंही तेच धरलं. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या बाईला तो गूळ दिला कुणी, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

त्यानंतर आक्कानं आईचा उपवास अंगावर घेतला. तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. वडील नको म्हणायचे, ही ऐकायची नाही. लवंगसुद्धा धरायची नाही, नुसतं पाणी. मीही तिच्यासोबत उपवास धरायचे, पण मी जन्माची खादाड, मागच्या दारी जाऊन शेंगदाणे खाऊन यायचे आणि तोंड पुसून घटापुढे बसायचे. पुढे आत्याच्याच मुलाशी आक्काचं लग्न झालं, आत्या तिची सासू झाली. सुमन झाली आणि आक्काला पोटदुखीनं गाठलं. चतुर्थी झाली की दुखणं, एकादशी झाली की दुखणं, आणि नवरात्रात तर जीव घेणारं. जो तो विचारायचा, "काय खाल्लं हुतंस?" ती सांगायची, "काईच न्हाई." मग कुणी जंत म्हणायचं, कुणी नजर, कुणी करणी. पोटावर बिब्बा घालून झाला, त्याचे काळे डाग तिच्या अंगावर शेवटपर्यंत होते. तालुक्याच्या एका डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, तर ते मऊ. इतकं दुखतंय तर पोट कडक लागायला हवं, म्हणून त्यानं सांगून टाकलं की हे मनाचं दुखणं आहे. मग काय, सोंग करते म्हणायला गाव मोकळं झालं. आक्कानं यावर उपाय एकच काढला, आणखी उपवास. दुखणं जावं म्हणून तिनं मंगळवार धरले.

बहात्तर साली आमच्याकडे पाऊस आलाच नाही. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर, बायका खडी फोडायला. मी अकरावीची परीक्षा देऊन आक्काकडे राहायला गेले होते, सुमनला सांभाळायला. घट बसले तरी आक्का कामावर जायची आणि दुपारी वाटलेली सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, पदरात बांधून लेकीला आणायची, स्वतः तिचा कणही जिभेवर ठेवायची नाही. पाचव्या माळेला मी सुमनला कडेवर घेऊन कामावर गेले, तर आक्का खडीच्या ढिगाला टेकून बसलेली. चेहरा मातीच्या रंगाचा. मला बघून हसायला गेली आणि तशीच वाकून ओकली. मग जे ओरडली… तो आवाज मी ओळखला. आईचा आवाज होता तो. बायका गोळा झाल्या, कुणीतरी मागं पुटपुटलं की कामाचा कंटाळा आला असंल. मी त्या बाईला काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, मुकादमाच्या पाया पडून खडीचा ट्रक मिळवला. सुमनला शेजारणीकडे ठेवून आत्या, दाजी आणि मी तिला घेऊन निघालो.

नगरपर्यंतचा तो रस्ता मी नंतर कितीदा तरी बसनं गेले, पण आजही त्या रस्त्यावरून मी खिडकीबाहेर न बघता जाते. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर आक्काचं डोकं माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळायची. आत्या तिचे पाय धरून देवीचं नाव घेत होती. आक्कानं एकदाच डोळे उघडून मला विचारलं, "आय अशीच वरडत हुती का गं?" मी नाही म्हणाले. तिला माझं खोटं कळलं असणार.

नगरच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, बिब्ब्याचे डाग पाहून कपाळाला आठ्या घातल्या. आणि मग, काय खाल्लं होतं असं न विचारता त्यांनी विचारलं, "ही शेवटचं जेवली कधी?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! आत्या अभिमानानं म्हणाली, "पाचवी माळ हाय बाई. पान्याबिगर कायबी न्हाई." बाईंनी नर्सला आक्काची लघवी काचेच्या बाटलीत घेऊन उन्हाच्या खिडकीत ठेवायला सांगितली. आम्हाला वाटलं, हे काय नवीन. बाटली उन्हात राहिली आणि आमच्या डोळ्यांदेखत आतला रंग लालसर होत होत जांभळाच्या पाण्यासारखा झाला. आत्यानं हात जोडले. बाईंनी मात्र सुस्कारा सोडला. पोर्फिरिया असं काहीतरी नाव त्यांनी सांगितलं. हे दुखणं आईबापाकडून लेकरात उतरतं, काही औषधांनी उठतं आणि उपाशी राहिलं तर हमखास उठतं. हे वाढलं की हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो. आणि यावर औषध काय, तर साखर.

ग्लुकोजची बाटली लावली. मला धास्ती होती की आक्का सुई उपटून टाकेल, पण आत्यानंच निकाल दिला, "त्ये शिरंतनं जातंय, घशातनं न्हाई. उपास मोडत न्हाई." देवीच्या वतीनं आत्याला असे निकाल द्यायचा अधिकार होता. दुसऱ्या दिवशी उलटी थांबली, दुखणं उतरलं. पण तिसऱ्या दिवशी हाताला सूज आली, शीर सापडेना, आणि बाई म्हणाल्या, आता तोंडानं गोड जायला हवं, आत्ताच. आक्कानं तोंड घट्ट मिटून घेतलं. मी विनवलं, दाजी रडले, बाई रागावल्या. "अगं, उपाशी राहिलीस तर मरशील तू." त्यावर आक्का फुटली. "आन खाल्लं तरी मरंन! माजी आय गूळ खाऊनच मेली. आन त्यो गूळ म्याच दिल्ता तिला." भिंतीकडे तोंड करून ती बोलत राहिली. "तिनं मागितला. म्हनली, कौसा, खडाभर दे, कुनाला सांगू नकोस. खाल्ला न् मला म्हनली, आता जरा बरं वाटतंया… आजून आन. म्या दुसरा दिला. त्यो आत्यानं काढला."

बाई खाटेवर तिच्याजवळ बसल्या. त्यांनी हळू विचारलं, "बरं वाटतंय, असं म्हणाली होती ना ती?" आक्कानं मान हलवली. "मग बरोबरच म्हणाली होती. तिचं शरीर मागत होतं ते. तू दिलंस ते औषध होतं पोरी." मी आत्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मी एखाद्या माणसाचा चेहरा तसा झालेला पुन्हा पाहिला नाही. दुसरा खडा तिच्याच बोटांनी काढलेला होता. ती उठली आणि बाहेर निघून गेली. दाजी तिच्या मागे जायला लागले, बाईंनी त्यांना थांबवलं.

आत्या परत आली तेव्हा तिच्या हातात तिची पितळी मिश्रीची डबी होती. दात घासायची ती तंबाखूची काळी मिश्री, आत्याचा जीव की प्राण, तिनं गटारात ओतून दिली होती आणि नळाखाली डबी घासून आत बाजारातला गूळ भरून आणला होता. झाकण घट्ट होतं, निघेना, शेवटी टप् आवाज करून निघालं. तिनं एक खडा काढला, आणि आक्काला न देता आधी स्वतःच्या तोंडात घातला. सातव्या माळेला, आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती कडाकडा गूळ चावत होती. "कोपली तर माज्यावर कोपंल," ती म्हणाली, "खा, कौसा." आक्कानं तोंड उघडलं. नंतर पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं होतं, कसा लागला गं तो गूळ? तर म्हणाली, "मिश्रीचा घान वास येत हुता. पन लई ग्वाड."

आक्का त्यातून उठली आणि सत्तरी ओलांडून जगली. उपवास पुन्हा केला नाही. घट मात्र दरवर्षी बसवले, देवीला नैवेद्य गुळाचा. आत्या गेल्यावर डबी आक्काकडे आली. दारात कुणीही येवो, बस असं म्हणायच्या आधी गूळ आणि पाणी पुढे. दुखणं सुमनमध्ये गुपचूप राहिलं, तिला कधी त्रास झाला नाही. पण तिच्या लेकीला, प्राजक्ताला, कॉलेजात असताना पहिल्यांदा पोटात कळा आल्या आणि आक्काचं तोंड पुन्हा त्या ट्रकमधल्यासारखं मातकट झालं. पोरगी आता सुप्याला कारखान्यात कामाला आहे, खोली घेऊन एकटी राहते, कामाच्या धबडग्यात आणि बारीक राहायच्या नादात जेवण चुकवते. आक्कानं डबी तिला दिली आणि रोज सकाळी फोन सुरू केला. मोबाईल उलटा धरायची, पण फोन कधी चुकवला नाही. एकच प्रश्न. "खाल्लं का?"

आक्का गेल्यापासून तो फोन मी करते. माझ्या अंगात ते दुखणं आहे की शेंगदाण्यांनी मला वाचवलं, मला माहीत नाही. तपासणी करून घ्यायचं धाडस मला या वयात नाही. पण पोरीच्या अंगात आहे हे नक्की, आणि ती फोन उचलेपर्यंतच्या त्या चार-पाच घंट्या मला फार लांब वाटतात. परवा घट बसले त्या सकाळी तिनं उचलला, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, "खाल्लंय गं आजी, खाल्लंय. घाईत आहे." मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं, खोटं मला आवाजावरून कळतं. "आत्ता खा," मी म्हटलं, "मी ऐकतेय." ती चिडली, मग हसली. मी फोन कानाला घट्ट लावून उभी राहिले. खूप वेळ काहीच नाही… मग पलीकडे टप् वाजलं, आणि मागोमाग गूळ चावल्याचा कडाकडा आवाज आला.